सात नंबरचा डबा

आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगमध्ये माझ्या डोक्यावर राहणाऱ्या गृहस्थांइतका संशयी माणूस मी पाहिलेला नाही. दूध आलं की ते आधी पाण्याचा संशय घेत, आणि नळाला पाणी आलं की दुधवाल्याचा. नोकरी अंधेरीच्या एका इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात. तिथून येताना डोक्यात एक यंत्र घेऊन आले: प्रत्येक घरात बटणाचा एक डबा, सगळ्यांना मिळून एकच तार आणि त्यांच्या खोलीत दिव्यांचा बोर्ड. कोणाला बरं वाटेनासं झालं की बटण दाबायचं. बोर्ड एकेका डब्याला नंबरानं हाक मारी. ज्याचा नंबर, त्यानंच उत्तर द्यायचं, बाकीच्यांनी कान मिटायचे. हा नियम त्यांनी घरालाही लावला. बायकोनं नाव न घेता "अहो, चहा" म्हटलं, तर पेला गार होईपर्यंत हे ढिम्म.

पहिल्या चाचणीत सगळे डबे बरळले. "तार कापलीय कुणीतरी!" म्हणत त्यांनी बिल्डिंगभर तपासणी केली. मी आपला आकडेमोड करत बसलो. बोर्ड सेकंदाला नऊ हजार सहाशे ठोक्यांच्या वेगानं बोलत होता. डब्यांतल्या, ताल धरणाऱ्या बारा मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलला भाग देऊन तो वेग येईचना, येत होता दहा हजार चारशेच्या वर. यांना विचारलं तर म्हणाले, "दुकानदार अकरा पॉइंट शून्य पाच नऊ दोनचा देत होता हो. असला वेडावाकडा आकडा म्हणजे रिजेक्ट माल! मी ठणकावून बाराचा घेतला." तो वेडावाकडा आकडाच भागून नेमके नऊ हजार सहाशे येत होते. क्रिस्टल बदलले, तेव्हा डबे शुद्धीवर आले.

तळमजल्यावर सात नंबरात त्यांचा थोरला भाऊ, हृदयविकाराचा. दोघांचं बोलणं बंद. सुरुवात कोणी केली, ते दोघांनाही आठवत नव्हतं. सगळा खटाटोप त्या एका डब्यासाठी होता, असा मला संशय होता. थोरल्यानं मात्र डबा घरात घेतला नाही. "तो वर बसान आमच्या घरातला सगळा आयकतलो!" शेवटी डबा दाराबाहेर टांगला.

एका दुपारी मी त्यांच्याकडे बसलो असताना सातचा दिवा लागला. "शॉर्ट झालं असणार," म्हणत हे बनियनवर, हातात टेस्टर घेऊन धावले. मी मागोमाग. थोरला दारात धडधाकट उभा, बोट बटणावर.

"बघी होतंय, तुझो डबो खरा बोलता काय."

"मगे?"

"धावत इलंस ना!"

धाकट्यानं टेस्टर खिशात घातला, पण बनियनला खिसा नव्हता. टेस्टर खाली पडला. उचलायला दोघेही वाकले.

आता थोरला नाही. तार बदलली, बोर्ड बदलला, तरी हाकांच्या यादीतून सात नंबर काढायला ते तयार नाहीत. तिथून आता कोण उत्तर देणार, असं मी म्हटलं की "उत्तर येत नाही, हे तुम्हाला कसं कळलं?" असं माझ्याकडेच संशयानं बघत विचारतात. मग आम्ही दोघे बोर्डाकडे बघत बसतो.