डीटरसाहेबांचं इंग्रजी

ओमानमधल्या दुक्मच्या रिफायनरीत कामाला लागलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत. बुटात वाळू साठते तसे आपोआप साठतात. सुट्टीत गुहागरला गेलो की मित्र पगाराचं विचारत नाहीत, थेट म्हणतात, "काय रे, तुमचा जर्मन काय म्हणतो?"

आमचा जर्मन म्हणजे डीटरसाहेब. कॉम्प्रेसर बसवून द्यायला आलेले. नुसत्या आवाजावरून मशीनचं दुखणं सांगणार! पण पूर्व जर्मनीत वाढलेले, शाळेत शिकले होते रशियन. त्यामुळे इंग्रजी शिकले ते मी आणि रत्नागिरीकडचे आमचे स्टोअरकीपर मुकादमभाई, या दोघांकडून. म्हणजे बघा!

*

पहिल्याच आठवड्यात साहेबांनी जाहीर केलं, "टुमारो कम्स अवर शेफ!"

मेसच्या डाळीला विटलेले मुकादमभाई हरखले. दुसऱ्या दिवशी एक सुटाबुटातला गोरा गाडीतून उतरला. भाईंनी पुढे होऊन हात मिळवला, "वेलकम सर! मटण बनता है ना?"

जर्मनमध्ये 'शेफ' म्हणजे बॉस! तो साक्षात डायरेक्टर होता. मी घाईघाईने प्रश्न इंग्रजीत सांगितला. डायरेक्टर जरा विचार करून म्हणाला, "नो. ओन्ली एग्ज."

*

एकदा साहेबांना मस्कतला, अल् घुब्राच्या आमच्या घरी जेवायला नेलं. पुरणपोळी त्यांना इतकी आवडली की ताट पुढे करून म्हणाले, "प्लीज, आय बिकम वन मोर?"

'मिळणं' याला त्यांच्याकडे तसाच काहीसा शब्द आहे. बायको गोंधळली. आठवीतल्या लेकीने आपल्या अडखळत्या मराठीत मदत केली, "आई, अंकलना... अजून एक पोळी व्हायचंय!"

*

परत निघायचं ठरलं दुसऱ्या दिवशी सकाळी 'हाफ एट'ला. मी साडेआठला खाली उतरलो. साहेब उन्हात लालबुंद होऊन उभे. त्यांच्याकडे आठाला अर्धा तास कमी असला की 'हाफ एट'! तासभर उभे होते बिचारे.

"अहो, बेल वाजवायची!"

"आय थॉट, इंडियन टाइम."

*

मग मस्कत ऑफिसचा फोन आला. साहेब म्हणाले, "वर्क इज फास्ट फिनिश्ड!"

दोन दिवसांनी मॅनेजर पाहुणे, फोटोग्राफर आणि हलव्याचे डबे घेऊन हजर. कॉम्प्रेसरला अजून शेवटचे पाइप लागायचे होते.

"डीटर, यू सेड फास्ट!"

"यस! फास्ट! नॉट फिनिश्ड!"

जर्मनमध्ये 'फास्ट' म्हणजे 'जवळजवळ', हे कळेपर्यंत निम्मा हलवा मुकादमभाईंनी संपवला होता.

*

आणि तो तपासणीला आलेला इंग्लंडचा इन्स्पेक्टर. अवजड मोटर क्रेनने उचलायची होती, खाली आमची माणसं. हुकाच्या बेल्टकडे बघत इन्स्पेक्टर हळूच म्हणाला, "आय मस्ट से, आयम नॉट टेरिबली कीन ऑन दॅट."

साहेबांनी हसून मान डोलावली आणि क्रेनवाल्याला अंगठा दाखवला, "यल्ला!"

मोटर हातभर उचलली गेली. मी ओरडलो, "खलास! स्टॉप! सर, ही इज सेइंग बेल्ट नॉट गुड! डोन्ट लिफ्ट!"

मोटर खाली टेकली. साहेबांनी स्वतः बेल्ट चाचपला. घडीत ही एवढी चीर! त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "व्हाय ही डझन्ट स्पीक इंग्लिश?"

आणि ताठ चालत इन्स्पेक्टरसमोर जाऊन उभे राहिले.

"सर, बेल्ट इज गॉन केस. टुडे इटसेल्फ वुई विल डू द नीडफुल अँड रिव्हर्ट बॅक."

इन्स्पेक्टरने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग माझ्याकडे वळला.

"सॉरी, व्हॉट डिड ही से?"