युनूसभाईची ओळखपरेड

युनूसभाई कुणाच्याही पेनड्राइव्हमधली फाइल सरळ उघडायचा नाही. आधी तिचा ठसा काढायचा. ठसा म्हणजे आकडे-अक्षरांची एक लांबलचक ओळ. फाइलमध्ये तसूभर बदल झाला तरी ती पार बदलते. मग ती ओळ तो इंटरनेटवर, ओळखीच्या सॉफ्टवेअरच्या यादीत शोधायचा. गिऱ्हाईक ताटकळलं तरी याला घाई नाही. "वळख लागली न्हाई म्हंजी चोर हाय आसं न्हाई," तो म्हणायचा, "पर तवर घरात कशाला घ्यायचा?"

मला त्याचा लई राग यायचा. राग कसला, जळायचोच मी. धारूरच्या त्या कॉम्प्युटरच्या दुकानात मी त्याच्या चार वर्षं आधीपासून होतो. तरी गिऱ्हाईक दारातूनच विचारायचं, "युनूसभाई हायेत का?" मी काय तिथं माश्या मारायला बसलो होतो?

त्यात मालक अण्णांनी युसूफ वडगाव या गावी दुसरं दुकान काढायचं ठरवलं. ते आमच्यातल्या एकाला चालवायला मिळणार होतं, आणि मला ते हवंच होतं. तेवढ्यात नेकनूरकडच्या एका शाळेचं काम आलं. बारा कॉम्प्युटरवर मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर मी एकट्यानं एका दिवसात चढवून आलो, माझ्याच पेनड्राइव्हवरून. ठसा-बिसा काही नाही. फाइलचं नाव खऱ्या सॉफ्टवेअरचंच होतं, अजून काय पाहिजे?

आठवड्यात सगळी मशीनं बंद पडली. पोरांचे परीक्षेचे फॉर्म आत अडकले. युनूसभाईनं त्या फाइलचा ठसा काढला. यादीतल्या ठशाशी जुळेना. कुणीतरी आत व्हायरसची घाण मिसळली होती. 

"कुणी टाकलं बे हे?" अण्णा कडाडले.

"आमी दोघांनी," युनूसभाई म्हणाला. "तपासायचं काम माजं हुतं. ऱ्हाऊन गेलं."

शाळेत दोन दिवस बसून त्यानं फॉर्म वाचवले. तरी चूक त्याचीच धरून अण्णांनी वडगावचं दुकान मला दिलं. महिनाभरात तो पुण्याला निघाला. जाताना आपली सॉफ्टवेअरची हार्डडिस्क माझ्या हातात ठेवली. "ठसे काढून बघ बे. माज्यावर बी इस्वास ठेवू नको."

मी बघितले की! तीन दिवस, एकेक करून. त्याचा एक तरी चुकावा म्हणून देवाला हात जोडले. सगळे जुळले. चुकलेली फाइल एकच होती, माझी. अण्णांना ते मी अजून सांगितलेलं नाही.