बसू न देणारे सर

चार महिने खपून सरांनी तयार केलेली पोलादी पट्टी मी पाहुणे यायच्या आदल्या दिवशी पॉलिशच्या चाकावर धरून आरशासारखी चकचकीत केली. कळकट दिसत होती हो! सगळी विद्या त्या कळकटपणातच होती, हे वर्षभर सरांच्या प्रयोगशाळेत नोकरी करूनही माझ्या टाळक्यात शिरलं नव्हतं.

मोडलेलं हाड जोडायला शरीरात अशी पट्टी बसवतात. तिच्यावर जंतू टेकले की एकमेकांना धरून बुळबुळीत थर करतात. मग औषधालाही दाद देत नाहीत. म्हणून सर पट्टीवर डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक खाचा पाडत, जंतूला धड टेकताच येऊ नये अशा. त्या खाचांमुळेच पट्टी कळकट दिसे. “मारायचं नंतर. आधी बसूच द्यायचं नाही,” हे त्यांचं ब्रीद. माणसांनाही तोच नियम. एरंडवण्यातल्या त्या दोन खोल्यांच्या प्रयोगशाळेत पाहुण्यांसाठी खुर्ची नव्हती. कुणी विचारलंच तर म्हणत, “बसलात की वस्ती कराल.”

माझा प्रताप पाहून ते ओरडले नाहीत. पट्टीत स्वतःचं नाक न्याहाळून म्हणाले, “वा! भांग पाडायची सोय झाली. आणखी काही घासायचं राहिलंय? माझं टक्कल?”

“सर, मला वाटलं...”

“वाटून घ्यायचा पगार देतो का मी तुम्हाला?”

दुसऱ्या दिवशी पट्ट्यांच्या कारखान्याचे मालक आले. परदेशी माल नुकताच बाजारात घुसू लागला होता, त्यांना घाई होती. आणि त्यांच्या होकारावर आमची प्रयोगशाळा तगणार होती.

“नमुना माझ्या हातून बिघडला,” सर म्हणाले. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी छताचा पंखा पाहत राहिलो.

मालकांनी परदेशी पट्टी घेतली. दिवाळीआधी प्रयोगशाळेला कुलूप लागलं. मी कॉम्प्युटरचा कोर्स करून कोथरूडच्या एका कंपनीत चिकटलो.

पंधरा वर्षांनी हे सगळं बायकोला सांगितलं, तर तिने त्याच रविवारी मला माफी मागायला नारायण पेठेत सरांच्या दारात उभं केलं. दार वीतभर उघडलं.

“सर, ओळखलंत?”

“पॉलिशवाले. काय काम?”

पंधरा वर्षं घोटलेलं वाक्य ओठांवर आलं आणि मी म्हणालो, “काही नाही, सहज...”

“सहज येणाऱ्यांसाठी बागा आहेत पुण्यात.” दार बंद.

आम्ही जिना उतरलो. शेवटच्या पायरीवर बायको थांबली.

“अहो, सहज नव्हतो आलो आपण. परत वर जा. मी उभी आहे इथे.”