मागच्या गाडीतला माणूस

माणसं गाडीत बसतात ती कुठेतरी पोचायला. शेपट्या जन्मभर गाडीत बसला तो मात्र ती गाडी चालत नाही म्हणून.

त्याचं पाळण्यातलं नाव गॅरेजात कुणाला ठाऊक नव्हतं. टोचनचं काम, म्हणजे बंद पडलेली गाडी दोराने बांधून ओढत आणायची. पुढच्या गाडीत ओढणारा बसतो आणि मागच्या, मेलेल्या गाडीचं स्टेअरिंग धरून दुसरा कुणीतरी बसतो. हा कायम मागे, म्हणून शेपट्या. नाव ठेवणाऱ्याने चेष्टेत ठेवलं आणि ह्याने ते पदवीसारखं मिरवलं.

रस्त्यावरच्या लोकांना वाटे, पुढचा बिचारा राबतोय आणि मागचा फुकटात फिरतोय. चौकातले टवाळ ओरडत, "काय राजे, स्वारी कुठे निघाली?" शेपट्या मान तुकवून मुजरा घेतल्यासारखं करी, पण हात स्टेअरिंगवरून उचलत नसे. कारण खरा प्रकार उलटा असतो. पुढचा नुसता ओढतो, दोघांच्या वाटणीचा ब्रेक मागचा मारतो. मागच्याने जरा आळस केला की दोर ढिला पडतो आणि ढिला दोर पुढच्या हिसक्याला तुटतो. त्यात बंद इंजिनाचा ब्रेक म्हणजे दगड आणि स्टेअरिंग म्हणजे चिखलात बसलेली म्हैस. म्हणून बसण्याआधी शेपट्याची पूजा ठरलेली असे. किल्ली फिरवून स्टेअरिंग मोकळं करायचं, गिअर काढायचा, ब्रेक दाबून त्यात किती जीव उरलाय ते पायाला विचारायचं, दोन्ही आरसे पुसायचे. दोराच्या मध्यावर ओलं पोतं टाकायचं, तुटलाच तर चाबकासारखा उसळू नये म्हणून. मग गाडीच्या डॅशबोर्डवर हात ठेवून म्हणायचं, "चल बाई, तुला माहेरी पोचवतो."

आणि ह्या सगळ्याच्या आधी, हूक. शेपट्याच्या वस्तादाने शिकवलेला नियम एकच होता: एकाने हूक लावायचा, दुसऱ्याने वाकून, ओढून बघायचा. "सख्ख्या बापाने लावला तरी बघायचा," वस्ताद म्हणे, "बाप गेला तर श्राद्ध घालता येतं, गाडी सुटली तर आपलंच घालावं लागतं."

हा नियम मोडला तो प्रेमाने. गैरसमज नको, नियम बहुतेक वेळा प्रेमानेच मोडतात.

शेपट्याच्या बायकोचा धाकटा भाऊ कामाच्या शोधात त्यांच्याकडे आला तेव्हा त्याच्याकडे एक पिशवी आणि भरपूर बोलणं होतं. शेपट्याने त्याला घरात ठेवून घेतलं, गॅरेजच्या मालकापुढे उभं केलं, क्लच कसा सोडायचा म्हणजे मागच्याची मान मोडत नाही ते शिकवलं. मेहुणा गुणी निघाला. ओढणारा म्हणून इतका मऊ हात की मागे बसून शेपट्याला डुलकी यावी. दोघांची जोडी जमली. मेहुणा हूक लावी, शेपट्या वाकून बघे.

एकदा गिऱ्हाइकासमोर मेहुण्याचा चेहरा उतरला. "दाजी, रोज रोज काय बघता? मी काय परका आहे का?"

शेपट्या हसला, पण रात्रीच्या जेवणाला बायकोनेही तेच काढलं. "त्याच्या हाताखालचं तपासता म्हणे चारचौघांत? घरच्या माणसाला चोरासारखं?"

"अगं, चोर कोण म्हणतंय? कामाची रीत आहे."

"रीत घराबाहेरच्यांना."

दुसऱ्या दिवसापासून शेपट्याने बघायचं सोडलं. त्याऐवजी दोघांत एक नवी खूण ठरली. मेहुणा हूक लावून झाला की मागच्या गाडीच्या बॉनेटवर तळव्याने एक थाप मारी. थाप पडली की पक्कं. रंगमंचावर तिसरी घंटा झाली की पडद्यामागचा नट जसा दुसरं काही विचारत नाही, तसा शेपट्या त्या थापेवर पुढे जाई. वर्षं गेली. मेहुण्याचं लग्न झालं, शेजारच्याच गल्लीत बिऱ्हाड झालं. थाप तेवढी होती तशी राहिली.

मग मालकाने नवी गाडी घ्यायचं ठरवलं. बंद गाडी सरळ पाठीवर उचलून आणणारी. तिला मागे बसायला कुणी लागणार नव्हतं, चालवणारा एकच. मालक बोलून गेला होता, "शेपट्या, म्हाताऱ्या, आता तरी पुढे बस. तुझ्या हातात देतो."

शेपट्याने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा तो लाजल्यासारखा झाला होता. जन्मभर दुसऱ्याच्या मागून रस्ता बघितलेला माणूस. आता काचेतून समोर कुणाच्याही गाडीचं ढुंगण न दिसता रस्ता दिसणार होता. त्याला बाकी काही नको होतं, ती एक सीट हवी होती.

नवी गाडी यायची होती त्याच आठवड्यात, भर दुपारी, बेकरीची पावाची गाडी चढावर बंद पडली. मेहुणा त्या दिवशी नवा पांढरा शर्ट घालून आला होता, संध्याकाळी सासुरवाडीला जायचं होतं. रस्त्याकडेला पाइप फुटून चिखल झालेला. त्या गाडीची ओढायची कडी खाली, चासीला म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, चिखलाने बुजलेली. तिथे हूक लावायचा तर पालथं पडायला हवं. बंपरखाली मात्र एक पातळ पट्टी होती, हाताशी, स्वच्छ. शेपट्या तेव्हा चाकामागे ठोकळे लावून आरसे पुसत होता. बॉनेटवर थाप पडली. त्याने ठोकळे काढले, आत बसला आणि म्हणाला, "चल बाई."

चढाच्या वरच्या टोकाला पट्टी फाटली.

पोत्यामुळे दोर उसळला नाही, धप्पकन खाली पडला. पावाची गाडी उलटी निघाली. शेपट्याने ब्रेकवर दोन्ही पाय रोवले. पहिल्या दाबाला गाडी जराशी अडली, मग ब्रेक दगड झाला. हँडब्रेक एकदम खेचला तर गाडी आडवी होऊन उलटेल, म्हणून तो एकेक दात वर घेत गेला आणि आरशात बघत राहिला. खाली चौक, चौकात माणसं. डाव्या हाताला रिकाम्या वखारीची भिंत. त्याने खांद्याचं सगळं बळ लावून स्टेअरिंग वळवलं आणि गाडीचं बूड त्या भिंतीत घातलं. भिंत पडली, पाव रस्ताभर सांडले. माणूस एकही मेला नाही. शेपट्याचा खांदा निखळला.

मेहुणा धावत आला. "दाजी! दाजी, बोला काहीतरी!" डोळ्यांत पाणी होतं. ते खोटं नव्हतं, हे लक्षात ठेवलं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी मालकाने दोघांना आत बोलावलं. टेबलावर हूक पडला होता आणि हुकात फाटक्या पट्टीचा तुकडा तसाच अडकलेला. हूक भलत्या ठिकाणी लावला होता हे सांगायला पंडित नको होता.

"कुणी लावला?" मालकाने विचारलं.

 शेपट्याला वाटलं, मेहुण्याच्या तोंडचं त्यालाच बोलू द्यावं. स्वतःहून कबूल केलं तर पोराची लाज राहील. आपण मध्ये पडून, "जाऊ दे मालक, घाईत होतं कधी कधी," एवढं म्हणायचं, हेही त्याने मनात ठरवून ठेवलं होतं.

मेहुणा खाली बघत म्हणाला, "दाजींनी."

समोरच्या नटाने भलतंच वाक्य घ्यावं आणि आपण उजेडात तोंड उघडं टाकून उभं राहावं, तसं शेपट्याचं झालं. पाठ केलेलं सगळं वाक्य, 'जाऊ दे मालक', घशात होतं. ते आता बोलायचं कुणासाठी? तो बोललाच नाही. आणि मालकाने न बोलण्याचा जो अर्थ कुणीही काढतो तोच काढला.

"डोळे गेले तुझे, शेपट्या," मालक म्हणाला. आवाजात राग कमी आणि दया जास्त होती. रागापेक्षा ती दयाच शेपट्याला झोंबली. "खांदा बरा कर. नव्या गाडीचं मी बघतो काय ते."

रस्ताभर शेपट्या मनातल्या मनात बायकोशी बोलत आला. तुझ्या भावाने केसाने गळा कापला बघ. सांगताना आपला आवाज चढेल, ती घाबरेल, मग पदर खोचून भावाच्या घरी जाईल आणि त्याचा कान धरून मालकापुढे उभा करेल. तिची जीभ त्याला माहीत होती. त्या जिभेचा एवढा आधार त्याला उभ्या आयुष्यात वाटला नव्हता.

ती ओट्याशी उभी होती. ह्याने चप्पल काढायच्या आधीच म्हणाली, "तो येऊन गेला."

"कोण?"

"दुसरं कोण? रडला माझ्याजवळ. सगळं सांगितलं."

"सगळं?"

"हो. कडी चिखलात होती, शर्ट खराब होईल म्हणून वर लावला. चुकलंच त्याचं. मीही दिली चांगली तोंडात." तिने त्याच्यासमोर पाण्याचा पेला ठेवला. "पण आता झालं ते झालं."

शेपट्याने पेला उचलला नाही. "मग मालकाला कधी सांगणार आहे तो?"

ती काही वेळ भांडं पुसत राहिली. पुसून झालेलं भांडं. "अहो, तुम्हाला मालक काढणार आहे का? इतक्या वर्षांचे तुम्ही. त्याला मात्र उभा करणार नाही दारात. त्याच्या बायकोचे दिवस भरत आलेत. तुमचं काय, तुम्हाला कुठे पुढे जायचंय?"

"पुढेच जायचं होतं," शेपट्या म्हणाला. "एकदाच."

"मोठ्याने सांभाळून घ्यायचं असतं."

"आणि मोठ्याला?"

ती भांडं फळीवर ठेवायला वळली. भाऊ खोटं बोलला, ते शेपट्याला पचलंही असतं. भ्यालेला माणूस काहीही बोलतो. पण ही भ्यालेली नव्हती. हिने शांतपणे, पाणी वगैरे देऊन, दोन माणसं तराजूत घातली होती आणि नवरा हलका निघाला होता.

खांदा बरा होईपर्यंत नवी गाडी आली, आणि तिच्यावर मेहुणा बसला. त्याने ती दारावरून नेताना हॉर्न वाजवला नाही, एवढं त्याला कळत होतं. शेपट्या पुन्हा कामावर गेला तेव्हा मिस्त्री लोक त्याच्याशी जरा जास्तच गोड बोलत. "बसा दादा. पाने-पकडी देऊ का पुसायला? सावलीत बसून होईल." ह्या 'दादा' म्हणण्याने तो अधिकच खचला. 'शेपट्या' म्हणत तेव्हा बरं होतं.

मग एक दिवस मोठी बस बंद पडली. बस काही नव्या गाडीच्या पाठीवर मावेना, तिला जुन्याच पद्धतीने दोराने ओढायची होती. मालक बाहेर येऊन म्हणाला, "शेपट्या, बसशील का मागे? तुझ्याशिवाय ही बस कोण सांभाळणार? ओढायला तुझा मेहुणा आहेच."

मेहुणा दोर खांद्यावर टाकून उभाच होता. कित्येक दिवसांनी त्याने सरळ शेपट्याकडे बघितलं. त्या बघण्यात विनवणी होती. चला ना दाजी, बसा एकदा, म्हणजे सगळं पूर्वीसारखं होईल. आणि खरंच, शेपट्या बसला असता तर झालंही असतं. चार माणसांच्या डोळ्यांदेखत माफी मिळाली असती, शब्दाचीही गरज पडली नसती.

शेपट्या हात पुसत उठला.

"ओढणारा बदला," तो म्हणाला, "मग बसतो."

गॅरेजातला हातोडा थांबला. मालकाने एकदा ह्याच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. "म्हणजे काय रे?"

"म्हणजे ह्याने बांधलेल्या गाडीत मी बसत नाही."

"दाजी..." मेहुणा पुटपुटला. दोर त्याच्या खांद्यावरून घसरून पायाशी पडला. तो उचलायला वाकला आणि वाकलेलाच राहिला, जणू तिथे खाली पुष्कळ काम होतं. मालकाने त्या वाकलेल्या पाठीकडे बराच वेळ बघितलं. त्याला उमगलं असावं. पण नवी गाडी दारात उभी होती, दुसरा ती चालवणारा नव्हता, आणि बेकरीवाल्याशी मिटवामिटव होऊन गेली होती.

"ओढणारा आज दुसरा नाही," मालक म्हणाला.

"मग मागचाही नाही," शेपट्या म्हणाला आणि चालू लागला. कुणी अडवलं नाही.

तो घरी पोचण्याआधी बातमी पोचली होती. शेजारच्या गल्लीतून यायला तिला वेळ लागत नाही. बायको दारातच उभी होती, चौकटीला हात लावून.

"काय बोललात तिथे?"

"काही नाही. बसलो नाही एवढंच."

"तेवढ्यात सगळं आलं की. आता लोक काय समजायचे ते समजणार. त्याने तोंड कुठे लपवायचं?"

शेपट्याने तिच्याकडे पाहिलं. आपण दिवसभरात काही खाल्लंय का, खांदा दुखतो का, असलं ती काही विचारेल म्हणून तो थोडा वेळ थांबला. ऊन त्याच्या पाठीवर होतं. आतून गार फरशीचा वास येत होता, कोपऱ्यातला त्याचा पाट दिसत होता.

"जरा सरक," तो म्हणाला. "मला आत यायचंय."

ती हलली नाही. तो उंबऱ्याबाहेर उभा राहिला.