नूत आणि बॅगेची चेन

कॉलेजात जाणारी आमच्या घरातली मी पहिलीच. काल तासाला सरांनी इजिप्तच्या नूत देवीचं चित्र दाखवलं. हातपाय टेकून पृथ्वीवर कमानीसारखी वाकलेली आकाशमाता. रोज संध्याकाळी ती सूर्य गिळते आणि सकाळी त्याला पुन्हा जन्म देते. मला बहारीनमधली, हूरा वस्तीतली आमची खोली आठवली.

चौऱ्याण्णव साल असेल. मी आठ वर्षांची. शाळेसाठी मला नागपूरला मावशीकडे ठेवायचं ठरलं होतं. बॅग बंद होईना, म्हणून आई तिच्यावर ओणवी झाली आणि मी तिच्या पोटाखाली शिरून चेन ओढू लागले. तिच्या गाऊनला फोडणीचा वास होता.

"यल्ला, जोर लाव! भात काय फुकट खातेस?"

"मम्मी, आय विल कम बॅक, ना?"

"इंशाल्ला," आई म्हणाली.

शिफ्टवरून आलेले बाबा दारातच थांबले. "तिला तरी असं नको गं सांगू. रजा मागितली की आमचा फोरमनही हेच म्हणतो."

मला तो होकारच वाटला होता. मी परत गेले नाही. हे लिहितानाही फारसं काही वाटत नाही.

चेन लागली तरी आई तशीच वाकून राहिली.

"मम्मी, खलास," मी म्हणाले आणि तिच्याखालून बाहेर आले.