कपाटातला माऊस

नव्वदच्या दशकात नागापूरच्या एका कारखान्यात मी कॉम्प्युटरवर सुट्या भागांची यादी बसवत होतो. सगळी यादी एकाच चौकटीत, रकाने टॅबने, म्हणजे मध्ये मोकळी जागा सोडून, पाडलेले. त्यामुळे माणसानं कुठल्या रकान्यात क्लिक केलं, ते कॉम्प्युटरला कळेना. डोकं पिकलं. शेवटी ओळीच्या सुरुवातीपासून क्लिकपर्यंतचे टॅब मोजायचं सुचलं आणि जमलं.

दसऱ्याला साहेबांनी कॉम्प्युटरला हार घातला, माऊसला हळदकुंकू वाहिलं आणि धूळ बसेल म्हणून तो कपाटात ठेवून कुलूप लावलं.

"पाहुणे आले की काढू," म्हणाले.

पाहुणे आले, माऊस कपाटातच राहिला. साहेब कॉम्प्युटरच्या काचेवर बोट टेकवून एकेक रकाना दाखवत राहिले. बोट कुठल्या रकान्यावर आहे, ते सगळ्यांना दिसतच होतं. ते ओळखायला मी कशाला हवा होतो?