कच्चं सोयाबीन

संशोधनासाठी मी उंदरांच्या दोन गटांना सोयाबीनचं पीठ खाऊ घालत होते, एकाला भाजलेलं, दुसऱ्याला कच्चं. कच्चं खाणारे वाढत नव्हते. वाटी रिकामी करूनही केस विस्कटून कोपऱ्यात बसायचे. सुट्टीत उंद्रीला, माझ्या गावी, घरी आले, तरी मला एका जागी बसवत नव्हतं.

आईने कोंबडीची पिल्लं पाळली होती. "दाणा तर भरपूर खाऊन राह्यली, पण वाढूनच नाही राह्यली," ती म्हणाली. मी वाकून पाहिलं. पिसं तशीच विस्कटलेली. समोर घरच्या कच्च्या सोयाबीनचा भरडा.

"आई, हे भाजून दे. कच्चं पचत नाही त्यांना."

"तुले कसं ठाऊक?"

मी उंदरांचं सांगितलं. तिने लगेच कढई चढवली. सोयाबीन परतता परतता म्हणाली, "मंग त्या उंदरायले काऊन नाही देत भाजून?"

"तसं दिलं तर फरक कसा कळेल?"

"तुले तर कळला ना."

मी अंगणात फेऱ्या घालत राहिले आणि सकाळच्याच बसने परतले. प्रयोग लवकर थांबवता येईल का, असं माझ्या मार्गदर्शक सरांना विचारलं. मुदत पूर्ण करावी लागेल, ते म्हणाले. मी पुन्हा कच्च्या पिठाच्या वाट्या भरल्या.

पुढे आईचा फोन आला. पिल्लं चांगली भरली होती.

"अन् तुहे उंदरं?"

"प्रयोग संपला."

प्रयोगाबरोबर उंदरांनाही संपवतात, हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं. तिने जेवलीस का, एवढंच विचारलं.